ताटली उचलली की तुमची: जपानमधल्या फिरत्या सुशीच्या दुकानात जेवायला जाताना

टेबलाच्या कडेला, सुशीच्या ताटल्या फिरवणाऱ्या पट्ट्याच्या खालच्या बाजूला एक आखूड नळ असतो आणि त्याच्याखाली एक काळं बटण. तिथे हात धुवायचे नसतात. बाकी काहीही सांगायच्या आधी हे सांगते, कारण २०१९ साली माझे बाबा इथे आले तेव्हा मी मेन्यूत डोकं घालून बसले होते आणि त्यांनी जेवायच्या आधी सवयीने हात पुढे केला. त्या नळातून चहासाठी जवळजवळ उकळतं पाणी येतं. दोन बोटांना फोड आले. दुकानातली मुलगी बर्फाची पिशवी घेऊन धावत आली आणि चूक आमची असताना माफी तिनेच सात-आठ वेळा मागितली. बाबांनी उजवा हात बर्फात ठेवून डाव्या हाताने अकरा ताटल्या संपवल्या आणि 'तुमच्याकडे नळावर नीट लिहीत का नाहीत?' एवढंच विचारलं. लिहिलेलं होतं. जपानीत होतं.

मी ओसाकाला लागून असलेल्या हिगाशी-ओसाका या शहरात राहते, दुभाष्याचं काम करते. पाहुण्यांची ये-जा असतेच, त्यात २०२५ च्या ओसाका एक्स्पोने, म्हणजे जागतिक प्रदर्शनाने, रीघ लागली. प्रत्येकाला 'खरी जपानी सुशी' खायची असते आणि प्रत्येकजण सुशीला जायचं म्हणून थोडा घाबरलेला असतो. कसं बसायचं, कशाला हात लावायचा, काय बोललं तर अपमान होईल. एवढी भीती मंदिरात जाताना बाळगावी. मी सगळ्यांना घराजवळच्या काइतेन-झुशीच्या दुकानात नेते. काइतेन म्हणजे गोल फिरणारं. सुशीचं जोडशब्दात झुशी होतं. दर वेळी तेच तेच सांगून घसा कोरडा पडतो, म्हणून एकदाचं लिहून काढते आहे.

मुळात हे दुकान भिण्यासाठी काढलेलंच नव्हतं. शिराइशी योशिआकी नावाच्या गृहस्थांचं इथे छोटं खाणावळवजा दुकान होतं. कारखान्यांतले कामगार गिऱ्हाईक, माल स्वस्त, आणि हाताखाली माणसं टिकत नाहीत ही रड. त्यांनी एकदा बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकत जाणाऱ्या बाटल्या पाहिल्या आणि डोक्यात घेतलं की सुशीच गिऱ्हाइकापाशी चालत गेली तर वाढपी कमी लागतील. बरीच वर्षं खटपट करून १९५८ साली त्यांनी आमच्या इथल्या फुसे स्टेशनाजवळ गेनरोकु नावाचं पहिलं फिरत्या सुशीचं दुकान उघडलं. १९७० च्या ओसाका एक्स्पोत ते पट्टे लोकांनी पाहिले आणि मग देशभर पसरले. त्याच्याही मागे गेलात, तर भाताच्या मुठीवर मासा ठेवलेली ही निगिरी-सुशी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, रस्त्यावर हातगाडीवजा टपऱ्यांत उभ्या-उभ्या खाल्ली जायची. तेव्हा ते घाईतल्या माणसाचं खाणं होतं. पांढऱ्या लाकडाच्या कट्ट्यामागे गंभीर आचारी आणि समोर श्वास रोखून बसलेली आठ माणसं, हे चित्रही खरं आहे, पण त्या दुकानांचे रिवाज वेगळे आणि पैसे काही पटींनी जास्त. इथे त्यांचा विषय नाही.

कधी जायचं, आत कसं शिरायचं

शनिवार-रविवारी संध्याकाळी सहाला जाऊ नका. शेजारपाजारची सगळी कुटुंबं तेव्हा तिथेच असतात, तासभर सहज ताटकळावं लागतं. कामाच्या दिवशी दुपारी दोन ते पाच या वेळात दुकान निवांत असतं. कोपऱ्यात एखादे आजोबा एकटेच पेपर वाचत सुशी खाताना दिसतात. मोठ्या साखळ्यांची स्वतःची ॲप आहेत, त्यावरून घरी बसून नंबर लावता येतो. पण पाहुण्याला जपानी फोन नंबर, नोंदणी वगैरेत अडकण्यापेक्षा दुपारी गेलेलं बरं.

दारातून आत शिरलात की 'इराश्शाइमासे' असा गजर होतो. 'या, या' असा त्याचा अर्थ. उत्तर द्यायचं नसतं. माझी आत्या दर वेळी वळून नमस्कार करायची. त्यात वाईट काही नाही, पण मागे रांग अडते. समोर एक यंत्र असतं. भाषा बदलायचं बटण बहुतेक ठिकाणी पहिल्याच पानावर आहे. किती माणसं, लहान मुलं किती, आणि टेबल हवं की कट्टा हवा की काहीही चालेल, एवढं ते विचारतं. एकटे असाल तर कट्टा घ्या, लवकर मिळतो. मग चिठ्ठी निघते, तिच्यावरचा नंबर पडद्यावर येईपर्यंत बाकावर बसायचं. नंबर पुकारतात तो जपानीत, त्यामुळे कानापेक्षा डोळ्यावर भिस्त ठेवा. नव्या दुकानांत तुम्हाला टेबलापर्यंत न्यायला कोणी येत नाही. यंत्रच दुसऱ्या चिठ्ठीवर टेबलाचा आकडा छापून देतं आणि आपण शोधत जायचं. दुर्लक्ष केलं असं वाटून घेऊ नका. माणसं कमी लागावीत म्हणूनच तर हा सगळा खटाटोप सुरू झाला होता.

टेबलावर काय काय असतं

कप, जेवायच्या काड्यांचा डबा, सोया सॉसच्या एकदोन बाटल्या, आल्याच्या लोणच्याची डबी, ओल्या रुमालांची पाकिटं आणि हिरव्या पुडीची एक डबी. ही हिरवी पूड म्हणजे वासाबी, सुशीबरोबर खातात तो झणझणीत हिरवा लगदा, नव्हे. माझ्या मावसभावाने ती सोया सॉसमध्ये कालवली, त्यात मासा बुडवला आणि 'तिखट कुठे आहे यात?' म्हणून आणखी दोन चमचे घातली. तो चहा आहे. कपात छोटा अर्धा-एक चमचा पूड घालायची, कपाच्या कडेने ते काळं बटण मागे दाबायचं, पाणी भरलं की कप दूर घ्यायचा. बोट कुठेही मध्ये येत नाही. चहा फुकट आणि हवा तितका. तुपकट मासा खाल्ल्यावर तोंड धुवून निघतं ते त्या चहाने, थंड पाण्याने नाही. गार पाणी हवं असेल तर बहुतेक ठिकाणी उठून आपणच आणायचं असतं.

ओल्या रुमालाने हात पुसायचे. तोंड आणि मान पुसणारे लोक जपानातही आहेत. त्यांच्या बायका त्यांच्याकडे कशा बघतात तेही पाहण्यासारखं असतं.

पट्टा

हा भाग मराठी माणसाला चटकन कळतो, कारण आपल्याकडे उष्टं हा शब्द आहे. पट्ट्यावरची ताटली म्हणजे पंगतीत सगळ्यांसाठी फिरणारं वाढप. ताटली उचललीत की ती तुमची. वास घेऊन, निरखून, 'नको गं, हे काहीतरी वेगळंच दिसतंय' म्हणून परत ठेवायची नाही. बोट लावलं तरी ती तुमच्याच हिशेबात धरा. झाकण असेल तर ते उघडून बघून पुन्हा मिटायचं नाही. पट्टा सेकंदाला साधारण आठेक सेंटीमीटर सरकतो, म्हणजे विचार करायला भरपूर वेळ असतो. तो विचार ताटली लांब असतानाच करा. हाताने उचला, काड्यांनी पट्ट्यावरून मासा टिपू नका. आणि एखादी ताटली रंगीत बैठकीवर किंवा 'मागवलेली' अशी पाटी लावून चालली असेल, तर ती पुढच्या कोणाची तरी आहे. शेजाऱ्याच्या पानातलं उचलल्यासारखं होईल.

२०२३ च्या सुरुवातीला काही टवाळ पोरांनी सोया सॉसच्या बाटलीला जीभ लावणं, फिरत्या सुशीला थुंकीचं बोट लावणं असले प्रकार करून व्हिडिओ टाकले. देशभर संताप उसळला. त्यानंतर पुष्कळ साखळ्यांनी मोकळी सुशी फिरवणं बंद केलं किंवा फार कमी केलं. त्यामुळे आता बऱ्याच दुकानांत नावात 'फिरती' असूनही पट्ट्यावर फक्त मागवलेलं येतं. मला त्याची चुटपूट वाटते. काय येतंय याची वाट बघण्यात निम्मी मजा होती. नाव ठाऊक नसलेला मासा केवळ दिसायला बरा म्हणून उचलायचा, हे स्क्रीनवर होत नाही.

मागवायचं स्क्रीनवरून. चित्रं असतात, इंग्रजी असते, अडचण येत नाही. अडचण येते ती हावरेपणाने. एका वेळी दोन-तीनच ताटल्या मागवा, त्या संपत आल्या की पुढच्या. भात कोमट आणि मासा गार असताना सुशीला चव असते. टेबलावर आठ ताटल्या मांडून फोटो काढेपर्यंत दोन्ही सारखेच कोमट होतात. शिवाय 'मागवा' हे बटण दाबल्यावर लगेच काही झालं नाही म्हणून पुन्हा दाबू नका. आमच्याकडे एकदा अशाच अधीरपणापायी माकुळाच्या सहा ताटल्या आल्या होत्या.

मागवलेलं काही दुकानांत वरच्या रुळावरून थेट तुमच्यासमोर येऊन थांबतं. मुलांसाठी ते शिनकानसेनच्या, म्हणजे बुलेट ट्रेनच्या, आकाराचं असतं. सगळ्या ताटल्या उतरवून घ्या आणि मग बटण असेल तर ते दाबून गाडी परत पाठवा. ताटली वर असताना बटण दाबलंत, तर तुमचं जेवण तुमच्या देखत परत जातं.

हाताने की काड्यांनी

हाताने खाल्लं तरी चालतं. हे मी पाहुण्यांना सांगते तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. निगिरी हाताने खायचीच वस्तू आहे. हात पुसायला रुमाल दिलाच आहे. फक्त मोकळा मासा, सूप, वाफवलेलं अंड्याचं कस्टर्ड असलं काही असेल तर काड्या किंवा चमचा.

सोया सॉस छोट्या ताटलीत अगदी थोडा ओता. आता सुशी आडवी करा आणि माशाची बाजू सॉसला टेकवा, भाताची नाही. भात सॉस पितो आणि चिमटीतच फुटतो, मग ताटलीत काळी खीर होते. भाताभोवती नोरीची, म्हणजे वाळवलेल्या समुद्रशेवाळाची, उभी पट्टी लावून वर काहीतरी रचलेलं असतं, त्याला गुनकान म्हणतात, म्हणजे लढाऊ जहाज. ते उलटं केलंत तर सगळे खलाशी पाण्यात. त्यासाठी आल्याची एक चकती सॉसमध्ये बुडवून तिनेच वरून सॉस फिरवायचा, रंगाच्या कुंचल्यासारखा. ही युक्ती मला एका टॅक्सीवाल्या काकांनी शेजारच्या खुर्चीवरून न विचारता शिकवली.

एका घासात खा. जमत नसेल तर दोन घास, पण अर्धा तुकडा ताटलीत परत ठेवू नका. आलं, म्हणजे गारी, एका माशाची चव पुसून दुसऱ्याकडे जाण्यासाठी मधेमधे खायचं असतं. सुशीवर कोशिंबिरीसारखं रचायचं नसतं. मात्र डबी समोर आहे म्हणून ती संपवायची असंही नाही.

वासाबीबद्दल. मोठ्या साखळ्यांत आता सुशी बिनवासाबीचीच येते आणि वासाबीच्या छोट्या पुड्या वेगळ्या मिळतात. त्या पुड्यांत बहुधा वासाबीपेक्षा तिच्या विलायती चुलतभावाचा, हॉर्सरॅडिशचा वाटा मोठा असतो, म्हणून ती नाकात जरा जास्तच खणखणीत वाजते. मुगाएवढी घ्या, माशावर लावा. छोट्या, घरगुती दुकानात मात्र आचारी मासा आणि भात यांच्यामध्ये वासाबी लावूनच देतो. नको असेल तर म्हणायचं, 'साबी-नुकी दे'. शेवटचा 'दे' जपानी आहे, पण मराठी समजून म्हटलात तरी काम होतं.

काड्यांचे दोनच नियम मी कडकपणे सांगते. भातात काड्या उभ्या खोचायच्या नाहीत आणि एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास द्यायचा नाही. पहिलं मृताच्या नैवेद्याला करतात आणि दुसरं दहनानंतर अस्थी गोळा करताना. 'हे खाऊन बघ' म्हणायचं असेल तर ताटलीच पुढे सरकवा.

आणि भात टाकून नुसता मासा खाऊ नका. माझ्या दिराने 'डाएट' म्हणून अकरा ताटल्यांवरचा मासा खाल्ला आणि बावीस भाताच्या मुठी ओळीने मांडून ठेवल्या. जपानी माणूस तोंडाने काही बोलत नाही, पण शेजारच्या टेबलावरचं बोलणं थांबलं होतं. सुशी म्हणजे मुळी तो आंबट भात. व्हिनेगर, साखर, मीठ घातलेला. त्याला शारी म्हणतात. त्याच्यावर जे बसतं त्याला म्हणतात नेता. (हसून घ्या. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातला चहा सांडला होता.) गंमत अशी की सुशीचं सगळ्यात जुनं रूप नेमकं दिरासारखं खायचे. मासा मीठ लावून भातात महिनोन्‌महिने आंबवायचा आणि खाताना भात काढून टाकायचा. इथून फार लांब नसलेल्या बिवा सरोवराकाठी फुनाझुशी नावाने ती अजून करतात. वास असा की एकदा घरी आणली होती, तर नवरा गॅलरीत जाऊन उभा राहिला. दिराला पुढच्या खेपेस तीच खायला घालणार आहे.

पहिल्यांदा काय मागवावं

कच्चा मासा या कल्पनेने पोटात गोळा येत असेल तर शिजवलेल्यापासून सुरू करा. मी तशीच शिकले. बांगडा म्हटलं की तवा आणि चुरचुर हेच डोक्यात असलेली मी, पहिला महिनाभर अंड्यावर काढला. तामागो म्हणजे गोडसर अंड्याची जाड वडी, भातावर. मग एबी, उकडलेली कोळंबी. आमाएबी मात्र कच्ची असते, नावातला फरक बघून घ्या. मग आनागो, समुद्रातला वामीसारखा लांबडा मासा, शिजवून वर गोड सॉसचा हात फिरवलेला. ताको म्हणजे ऑक्टोपस, तोही उकडलेला. त्यानंतर 'आबुरी' लिहिलेलं काहीही, म्हणजे वरून आगीच्या झोताने शेकलेलं. अर्धं कच्चं, अर्धं भाजलेलं. नदीत आधी पाय घालावा तसं.

पूर्ण कच्च्यात पहिला सॅमन घ्या. मऊ, तुपकट, वास नाही. लोकांना वाटतं हा जपानचा परंपरागत मासा. पण इथले लोक पूर्वी सॅमन भाजूनच खायचे, कारण त्यांच्या समुद्रातल्या सॅमनमध्ये जंत असायचे. १९८० च्या दशकात नॉर्वेवाल्यांनी आपला पाळीव सॅमन कच्चा खायला शिकवला आणि आज लहान मुलं आधी तोच मागतात. त्यानंतर मागुरो, म्हणजे आपला कुपा. लाल भाग स्वस्त, पोटाकडचा गुलाबी भाग महाग आणि अगदी चरबीचा ओतोरो आणखी महाग. मला लालच आवडतो. चरबीचा एक तुकडा मस्त, दुसऱ्याला तोंड फिरतं.

आता खास मराठी घोटाळा. स्क्रीनवर 'ताई' आणि 'आजी' दिसतील. ताई हा पांढऱ्या मांसाचा, हलक्या चवीचा मानाचा मासा. मंगल प्रसंगाला 'मेदेताई' म्हणतात, त्या शब्दाशी नाव जुळतं म्हणून लग्नाकार्यात तो हवाच. आजी हा बांगड्याच्या दूरच्या नात्यातला चमकदार मासा, वर किसलेलं आलं आणि पातीचा कांदा घालून येतो. 'दोन आजी आणि एक ताई मागव' असं आमच्या टेबलावर चारचौघांत बोललं जातं. खुद्द बांगड्याचा भाऊ म्हणजे साबा. तो मीठ लावून व्हिनेगरमध्ये मुरवलेला असतो. आंबट, तुपकट, खरा माशाच्या चवीचा. तळलेल्या बांगड्यावर वाढलेल्याला तो आवडायला वेळ लागतो आणि एकदा आवडला की सॅमन पुळचट वाटतो.

इकुरा म्हणजे सॅमनची गाभोळी, नारिंगी मण्यांसारखी, दाताखाली फुटते. गाभोळी आवडणाऱ्याने डोळे मिटून मागवावी. उनी, म्हणजे काटेरी समुद्री जीवाचा पिवळा गर, स्वस्त दुकानात पहिल्यांदा खाऊ नका. ताजा नसेल तर कडवट लागतो आणि जन्मभराची अढी बसते.

क्रम काय ठेवावा? जाणकार म्हणतात हलक्या माशापासून सुरुवात करून तुपकटाकडे जावं आणि शेवट आनागो किंवा अंड्यावर करावा. खाऊन पाहिलं तर त्यात तथ्य आहे. पण शेजारच्या टेबलावर सात वर्षांचा मुलगा आधी चॉकलेट केक, मग मक्याचे दाणे-मेयोनीजचं गुनकान आणि मग फ्रेंच फ्राइज खात असतो. तेव्हा तुम्ही कसेही खा.

आजाराचं थोडं. आनिसाकिस नावाच्या जंताचा धोका कच्च्या माशात असतो. उणे २० अंशांत २४ तासांहून जास्त गोठवलं की तो मरतो, आणि साखळ्यांमधला बराच मासा गोठवून आलेला असतो. तरीही गरोदर बायका, फार म्हातारी माणसं आणि ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे खाली आहे त्यांनी शिजवलेल्यावरच राहावं. तेवढ्यानेही पोट भरतं.

शाकाहारी माणूस बरोबर असेल तर

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि याचं खरं उत्तर कोणालाच आवडत नाही. पोट भरेल, पण तुमचा शाकाहार किती कडक आहे त्यावर ते अवलंबून आहे.

अडचण माशाची नाही, दाशीची आहे. दाशी म्हणजे इथल्या स्वयंपाकाचं मूळ पाणी. कात्सुओ नावाचा मासा वाळवून, किसून, गरम पाण्यात घालून काढतात. मिसो सूपमध्ये ती असते, अंड्याच्या वडीत असते, उदोन नावाच्या जाड शेवयांच्या रश्श्यात असते, आणि माझ्या सासूबाईंनी ज्याच्यावर भरवसा ठेवला होता त्या इनारीतही बहुधा असते. इनारी म्हणजे तळलेल्या तोफूची पिशवी, आत भात. दिसायला पूर्ण निष्पाप. पण ती पिशवी ज्या गोड रसात शिजवतात त्यात दाशी. मी हे त्यांना दुसरी ताटली संपल्यावर सांगितलं, आधी सांगायला हवं होतं. त्या काही बोलल्या नाहीत. पुढचे दोन दिवस घरी त्यांनी माझ्या हातचंही जरा तपासूनच खाल्लं.

त्यातल्या त्यात बिनधोक: काप्पा-माकी, म्हणजे काकडीची बारीक गुंडाळी, एदामामे, म्हणजे मीठ लावलेल्या सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा, काही ठिकाणी उमे, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, आणि शिसो या सुवासिक पानाची गुंडाळी, फळं, आइसक्रीम. नात्तो, आंबवलेले सोयाबीन, मूळचे शाकाहारी, पण वर घालून येणाऱ्या सॉसमध्ये पुन्हा दाशी असू शकते, शिवाय तार सुटते आणि वास मोज्यांसारखा. मला तो आता आवडतो, पण पाहुण्याला पहिल्याच दिवशी देऊ नये. मक्याच्या मेयोनीजमध्ये अंडं असतं. फ्राइजच्या तेलात कोळंबीही तळली जात असणार, हे ज्याचं त्याने ठरवावं.

साखळ्यांकडे ॲलर्जीचा तक्ता असतो, स्क्रीनवर किंवा मागितला तर कागदावर. गोमांस, डुकराचं मांस, जिलेटिन आहे का ते त्यातून कळतं, आणि हॅम्बर्गर-सुशीसारख्या प्रकारांमुळे ते बघून घेणं भागच आहे. पण शाकाहारासाठी त्या तक्त्यावर विसंबू नका. त्यात साबा आणि सॅमनचे रकाने असतात, दाशीतल्या कात्सुओचा नसतो. म्हणजे सगळे रकाने कोरे आणि तरी रसात मासा. माणसालाच विचारायचं असेल तर वाक्य असं: 'साकाना नो दाशी मो ताबेरारेमासेन', माशाची दाशीही मला चालत नाही. समोरचा आत जाऊन विचारून येईल किंवा खिन्न चेहऱ्याने हवा आत ओढून मान कलती करेल. ती कलती मान म्हणजे 'नाही'. जपानीत तोंडाने 'नाही' क्वचितच ऐकू येतं.

जैन पद्धतीने खाणाऱ्याला मी या दुकानात नेतच नाही. काकडीच्या चार गुंडाळ्यांसाठी त्यांना माशांच्या मिरवणुकीसमोर बसवणं मला बरं वाटत नाही.

बिल

किंमत ताटलीवर ठरते. सगळ्यात साधी ताटली दुकान आणि शहराप्रमाणे १२० ते १५० येनच्या आसपास. पुढे रंग बदलेल तशी चढत जाते. रंगांचा तक्ता टेबलापाशी लावलेला असतो, तो ताटली उचलायच्या आधी बघा. एका ताटलीत बहुधा दोन नग असतात, पण महागड्या माशाचा एकच येतो आणि मग लोक दुसरा कुठे पडला ते शोधत बसतात. मी आठ-नऊ ताटल्या आणि एक सूप घेते. बाबा अकरावर थांबतात. रिकाम्या ताटल्या टेबलावरच रचून ठेवा, पट्ट्यावर परत ठेवू नका. त्यांच्यावरूनच हिशेब होतो. कुरा-झुशी या साखळीच्या दुकानांत टेबलाला फट असते, तिच्यात ताटल्या सरकवायच्या. दर पाच ताटल्यांमागे स्क्रीनवर एक खेळ लागतो आणि जिंकलात तर वरून गोळ्यात बंद खेळणं पडतं. मुलांबरोबर गेलात तर चौदाव्या ताटलीनंतर पोट भरलेलं असूनही पंधरावी का मागवली जाते ते तुम्हाला कळेल.

झालं की स्क्रीनवरचं बिलाचं बटण दाबा. कुठे मुलगी येऊन ताटल्या मोजते, कुठे यंत्र आधीच मोजून बसलेलं असतं. तोंडाने सांगायचं असेल तर 'ओकाइकेई ओनेगाई शिमासु'. काही हौशी लोक चहाला 'आगारी', सोया सॉसला 'मुरासाकी', बिलाला 'ओआइसो' म्हणतात. ते दुकानवाल्यांचे आपसातले शब्द आहेत. गिऱ्हाइकाने वापरले की जरा आगाऊपणा वाटतो. टेबलावरची चिठ्ठी किंवा नंबराची पाटी उचलून दाराजवळच्या गल्ल्यावर न्या. पैसे तिथेच द्यायचे, बऱ्याच ठिकाणी यंत्रात. टिप ठेवू नका. माझ्या काकांनी ताटलीखाली पाचशेचं नाणं ठेवलं, तर ती मुलगी ते घेऊन रस्त्यापर्यंत आमच्यामागे धावत आली, तुमचं राहिलं म्हणून.

निघताना 'गोचिसोसामा देश्ता' म्हणा. जेवण छान झालं, आभार, असा अर्थ. हे मात्र जरूर म्हणा. आतून तीन-चार आवाजांत उत्तर येतं, कोणी तुमच्याकडे बघत नसलं तरी.

पाऊस असेल तर छत्री दाराशी स्टँडमध्ये ठेवलेली असेल, ती न विसरता घ्या. सगळ्यांच्या पारदर्शक आणि सारख्या असतात, म्हणून मुठीला रंगीत दोरा बांधून ठेवा. माझ्या तिथून तीन गेल्या आहेत. घरी मोजल्या तर तीनच आहेत, म्हणजे त्या तीन कोणाच्या तरी आहेत.